नववा ठोकळा

कोटेशन एका पानाचं होतं. त्यात फरशीचा रंग होता, माप होतं, दर होता, आणि सगळ्यात खाली, जिथे सहसा कुणाची नजर पोचत नाही अशा जागी, ‘माल पॅलेटसह पोच केला जाईल’ असं एक वाक्य होतं. सोसायटीच्या कमिटीतल्या चौघांनी ते पान वाचून, न वाचून आणि वाचल्यासारखं करून पुढे सरकवलं. पाचवे होते कलमकाका. ते त्या वाक्यापाशी थांबले, चष्मा कपाळावर नेला, परत नाकावर आणला आणि म्हणाले, “पॅलेट म्हणजे काय?”

सगळं बिनसलं ते इथे. फरशीच्या कारखान्याचा विक्रीवाला समोरच बसला होता. त्याला वाटलं, काकांना खरंच माहीत नाही. त्याने हातवारे करून समजावून सांगितलं की वर फळ्या, खाली फळ्या आणि मध्ये लाकडाचे ठोकळे, तीन ओळींत तीन-तीन असे नऊ. त्यामुळे मध्ये पोकळी राहते, त्या पोकळीत फोर्कलिफ्टचे काटे घुसतात आणि वर रचलेल्या फरश्यांसकट सगळा बोजा उचलला जातो. माल उतरला की पॅलेट तुमच्याकडेच राहतं. बसा, जाळा, कुंड्या ठेवा, कुणी विचारायला येत नाही.

‘कुणी विचारायला येत नाही’ हे शब्द काकांना फार लागले. एका मोठ्या कंपनीच्या करार विभागात त्यांनी एकतीस वर्षं काढली होती, आणि त्या एकतीस वर्षांत कुणी विचारायला येणार नाही अशी एकही वस्तू त्यांनी कंपनीच्या फाटकातून आत किंवा बाहेर जाऊ दिली नव्हती. पॅलेट कुणाचं? मोडलं तर कुणाचं? भिजलं तर? एका पानाच्या कोटेशनवर अख्ख्या आवाराची फरशी मागवायची म्हणजे, ते म्हणाले, उघड्या डोळ्यांनी विहिरीत उतरणं आहे. विक्रीवाल्याने घड्याळ पाहिलं. सेक्रेटरी मात्र लगबगीने म्हणाला की मग काकांनीच रीतसर करारनामा करून द्यावा.

सेक्रेटरीच्या या उत्साहामागे काकू होत्या. निवृत्त होऊन आठ महिने झाले होते आणि तेवढ्या काळात काकांनी स्वयंपाकघर लिहून काढलं होतं. साखरेच्या डब्यावर ‘साखर (यात पिठीसाखर समाविष्ट नाही)’ अशी चिठ्ठी होती. झाडूवर ‘केवळ कोरड्या जमिनीसाठी’ असं लिहिलेलं होतं. दिवाणखान्यातल्या कपाटाचा सगळ्यात सोयीचा कप्पा निळ्या रेक्झिनमध्ये बांधलेल्या दोन जाडजूड ग्रंथांनी अडवला होता. त्यांच्या पाठीवर सोनेरी अक्षरांत ‘व्याख्या, भाग एक’ आणि ‘व्याख्या, भाग दोन’ असं कोरलेलं होतं. काकांनी आयुष्यभर केलेल्या सगळ्या व्याख्या त्यात होत्या. ‘पोच’ होती, ‘वाजवी मुदत’ होती, आणि ‘ओला’ या एका शब्दाला चार पानं दिली होती. हे ग्रंथ काका सोडून आजवर कुणी उघडले नव्हते. तेव्हा काकूंनीच एके दिवशी जिन्यात सेक्रेटरीला गाठून सांगितलं होतं की त्यांना काहीतरी लिहायला द्या, लांबीची काळजी करू नका.

सेक्रेटरीने खरोखरच लांबीची काळजी केली नाही. आठव्या दिवशी करारनामा तयार झाला तो चौदा पानांचा. त्यातली पहिली तीन पानं नुसती पॅलेटला वाहिलेली होती, आणि त्यातलं सर्वांत देखणं वाक्य असं होतं: “‘पॅलेट’ म्हणजे कारखान्याची मोहोर असलेली, लाकडाची, चारही बाजूंनी काटे आत जाऊ शकतील अशी सपाट मांडणी, मग ती भरलेली असो वा रिकामी, रंगवलेली असो वा नसो, आणि कोणत्याही कामासाठी वापरली जात असो, परंतु जिचे नऊच्या नऊ ठोकळे शाबूत नाहीत अशी मांडणी या करारापुरती पॅलेट समजली जाणार नाही व मोजणीत धरली जाणार नाही.” हा शेवटचा ‘परंतु’ काकांनी कारखान्यासाठी खास घडवला होता. मोडकी पॅलेटं गळ्यात मारायची आणि परत घेताना धडधाकट मागायची, ही चलाखी त्यांच्या ओळखीची होती. काकूंना त्यांनी तो ‘परंतु’ दोनदा वाचून दाखवला. दुसऱ्या वेळी काकू शेंगा सोलत होत्या.

कारखाना हे चौदा पानांचं बाड हसून परत पाठवील असं कमिटीला वाटत होतं. पण कारखान्याच्या गोदामावर नुकत्याच एक मॅडम आल्या होत्या. विक्रीवाला त्यांचं नाव घेताना खुर्चीत सावरून बसायचा. त्या मॅडमनी चौदाच्या चौदा पानं वाचली, एकही शब्द खोडला नाही, आणि फक्त एक कलम आपल्याकडून जोडून सही करून पाठवलं. कलम नऊ (क): पहिल्या खेपेची सर्व पॅलेटं परत मिळाल्याशिवाय दुसरी खेप रवाना होणार नाही. काकांनी ते कलम दोनदा वाचून काढलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोललं होतं. त्यांनी मॅडमना फोन करून कलम फार चांगलं झालंय असं मुद्दाम कळवलं.

पहिली खेप बारा पॅलेटांची होती. ट्रक सकाळी दहाला फाटकाशी येऊन उभा राहिला, गवंड्याची सहा माणसं फरश्या उतरवायला पुढे झाली, आणि ड्रायव्हरने खिडकीतून एक कागद बाहेर धरला. मॅडमनी सांगितलंय, कलम पाच वाचा, असं म्हणून तो डबा उघडून जेवायला बसला. कलम पाच काकांचंच होतं. पॅलेट, भरलेलं असो वा रिकामं, केवळ यंत्राने हाताळावं, कोणीही हाताने उचलू नये. कंपनीत हे कलम वर्षानुवर्षं चालत आलं होतं, कारण कंपनीत सात फोर्कलिफ्ट होत्या. सोसायटीत एक शिडी होती.

मग सल्ल्यांना सुरुवात झाली. पहिल्या मजल्यावरचे दंतवैद्य म्हणाले, ओढायच्या आधी थोडं हलवून घ्या, सैल झालं की आपोआप येतं. निवृत्त बँकवाल्यांनी सुचवलं की हाताने उतरवून घ्या आणि कागदावर यंत्राने उतरवलं असं लिहा. त्यावर काकांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की बँकवाले आपल्या जुन्या बँकेची आठवण होऊन गप्प झाले. वरच्या मजल्यावरच्या गाणंवाल्या बाईंनी नुसता उसासा टाकला, पण तो वरच्या पट्टीतला होता आणि गल्लीच्या टोकापर्यंत गेला. शेवटी शेजारच्या बर्फाच्या कारखान्यातली फोर्कलिफ्ट त्यांच्या जेवणाच्या सुट्टीपुरती मिळाली. ती आली, आणि सोसायटीच्या फाटकातून चार बोटं जास्त रुंद निघाली.

फाटक काढलं. ते कसं काढलं हे सांगत बसलो तर ती वेगळीच गोष्ट होईल. एवढंच सांगतो की अठ्ठावीस वर्षांपूर्वी ज्याने ते बसवलं होतं त्याने ते कधी काढायचं आहे असं समजून बसवलं नव्हतं. मग कलम सहा आडवं आलं: पॅलेट केवळ सपाट, कोरड्या व कठीण जागी ठेवावं. आवार खणलेलं असल्याने अशी जागा एकच उरली होती, ती म्हणजे गाड्या लावायची. त्या दिवसापासून सोसायटीच्या सगळ्या गाड्या रस्त्यावर आणि फरश्या छपराखाली असा बंदोबस्त झाला. जिन्यात भेटणारे लोक काकांना नमस्कार करेनासे झाले. काकांनी ते मनाला लावून घेतलं नाही असं ते काकूंना दिवसातून तीनदा सांगत.

गवंड्याने कामाला हात घातला आणि दहा दिवसांत पुढचं निम्मं आवार फरशीने चकचकीत झालं. मागचं निम्मं खणून ठेवलेलं होतं, आणि त्यातून पाण्याच्या पाइपासाठी गुडघाभर खोल चर इमारतीच्या भिंतीला लागून गेला होता. चर आताच बुजवून टाका असं सेक्रेटरीने सांगून पाहिलं. गवंडी म्हणाला, पाइपाचा उतार फरशीच्या पातळीवर ठरतो, फरशी हातात आल्याशिवाय माती टाकणार नाही. म्हणजे आता दुसरी खेप हवी होती. दुसरी खेप हवी तर बारा रिकामी पॅलेटं परत हवीत, म्हणून काका छपराखाली मोजायला गेले. तिथे एकही नव्हतं.

कुणी विचारायला येत नाही, हे विक्रीवाल्याचं वाक्य तेवढं सगळ्यांच्या लक्षात राहिलं होतं. काकांनी हातात करारनामा घेतला आणि पहिल्या मजल्यापासून दार वाजवायला सुरुवात केली. दंतवैद्यांनी गॅलरीत पॅलेट उभं करून त्यात कुंड्या अडकवल्या होत्या आणि ते दवाखान्याच्या फिकट हिरव्या रंगाने रंगवलं होतं. रंगवल्यावर ते आता पॅलेट राहिलं नाही, असा त्यांचा मुद्दा होता. काकांनी त्यांना ‘रंगवलेली असो वा नसो’ वाचून दाखवलं. बँकवाल्यांनी दोन पॅलेटं गादीखाली घातली होती आणि वीस वर्षांची पाठदुखी थांबली म्हणून ते काकांचे हात धरून आभार मानू लागले. ते ऐकून घेऊन मग पॅलेटं मागणं काकांना फार जड गेलं, पण त्यांनी मागितली. गाणंवाल्या बाईंच्या घरी तीन पॅलेटांवर सतरंजी अंथरून सात विद्यार्थिनी बसल्या होत्या. त्यांचं गाणं संपेपर्यंत काका उंबऱ्यात उभे राहिले. सेक्रेटरीने स्वतः दोन नेली होती, त्याने ती काका यायच्या आधीच गुपचूप छपराखाली आणून ठेवली. असं करत करत चार दिवसांत अकरा झाली; ती जिन्यावरून हातानेच खाली आली, तेव्हा काका पाठ फिरवून उभे राहिले.

बारावं शोधावं लागलं नाही. ते सगळ्यांना रोज दिसत होतं.

तळमजल्यावर मागच्या बाजूला मावशी राहत असत. मावशी म्हणजे इस्पितळातल्या निवृत्त हेडनर्स, वय अठ्ठ्याहत्तर, आवाज अजून वॉर्डभर पोचणारा. पाच आठवड्यांपूर्वी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की वॉकर घेऊन दिवसातून दोनदा फाटकापर्यंत जाऊन या, या दिवसांत गुडघा धरला तर पुढे तो कुणालाच सोडवता यायचा नाही. नेमका त्यांच्या दारासमोरून चर गेला होता. गवंड्याने एक रिकामं पॅलेट त्या चरावर आडवं टाकून दिलं होतं. दोन्ही काठांवर ते बरोब्बर टेकत होतं आणि वॉकरचे चारही पाय त्यावर नीट बसत होते. मावशी सकाळ-संध्याकाळ त्यावरून टक टक करत जात आणि टक टक करत येत.

काका संकोचत त्यांच्या दाराशी गेले. त्यांनी कलम नऊ (क) समजावून सांगितलं, मॅडमबद्दल सांगितलं, थांबलेल्या फरशीबद्दल सांगितलं. मावशींनी सगळं ऐकून घेतलं.

“ने की,” मावशी म्हणाल्या. “त्यात एवढं काय सांगतोस. माझ्या घरात चार खोल्यांएवढी जागा आहे चालायला.”

घरात खोल्या दोन होत्या. पण काकांनी, पुन्हा पाठ फिरवून, गवंड्याला पॅलेट न्यायला लावलं. रिकामी पॅलेटं न्यायला मॅडमचा ट्रक दुसऱ्या दिवशी यायचा होता, म्हणजे तीन-चार दिवसांत फरशी आणि चर बुजवून सगळं मोकळं, असा त्यांचा हिशेब होता. ट्रक दुसऱ्या दिवशी आला नाही. कारखान्यात कसलीशी तपासणी निघाली होती, ट्रक आठवड्याने येणार होता. काकांची खोली मावशींच्या बरोब्बर वर. बसल्या जागी त्यांना खालची टकटक ऐकू येई: चार पावलं, वळण, चार पावलं, वळण. दुसऱ्या दिवशी ती चाराची तीन झाली. मधल्या काळात चरावर फळी टाकून पाहिली, तिच्यावर वॉकर घसरला. पत्रा टाकला, तो वाकला. सेक्रेटरीने घरातलं जुनं दार आणलं, ते मधोमध तडकलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी टकटक आलीच नाही. काका पेपर घेऊन बसले होते, पण त्यांचं सगळं लक्ष जमिनीकडे होतं. अर्ध्या तासाने ते खाली गेले. मावशी खुर्चीत पाय स्टुलावर ठेवून बसल्या होत्या. जरा धरल्यासारखं वाटतंय, इतकंच त्या म्हणाल्या, आणि रुग्णांना सांगतात तसं काकांना सांगितलं की काळजी करायची नाही. काकांनी गवंड्याला हाक मारली, छपराखाली गेले, आणि त्या पॅलेटचं एक टोक गवंड्याने, दुसरं स्वतः काकांनी धरून ते दोघांनी चरापर्यंत वाहून आणलं. कलम पाच लिहिणाऱ्या माणसाने कलम पाच दोन्ही हातांनी मोडलं, आणि ते त्यांना पॅलेट खाली ठेवेपर्यंत आठवलंसुद्धा नाही.

आता गाठ पक्की बसली. सेक्रेटरीने ती जिन्यात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला बोटं मोजून सांगायला सुरुवात केली. मावशींचं पॅलेट हलल्याशिवाय फरशी येत नाही. फरशी आल्याशिवाय चर बुजत नाही. चर बुजल्याशिवाय मावशींचं पॅलेट हलत नाही. बँकवाल्यांनी प्रत्येक वेळी ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकलं, कारण त्यांची पाठ पुन्हा दुखू लागली होती आणि आता त्यांनाही कुणाला तरी बोल लावायचा होता.

काकांनी मॅडमना फोन केला. आयुष्यात पहिल्यांदा ते कुणाकडे तरी एका कलमातून सूट मागत होते, त्यामुळे त्यांना शब्द सुचेनात. अकरा घेऊन जा, एक नंतर देतो, असं ते कसंबसं म्हणाले. मॅडमनी अदबीने सांगितलं की गाडी सोडायची तर त्यांना मोजणीच्या कागदावर बारा लिहावं लागतं आणि त्याखाली सही करावी लागते. खोटे बारा त्या लिहिणार नाहीत, आणि साहेबांनी तसं सांगू नये. काका घाईने म्हणाले, छे, तसं नाही. दुसरीकडून एक नवं पॅलेट आणून दिलं तर? मॅडम म्हणाल्या, चालेल, पण कारखान्याची मोहोर हवी. मोहोरेची अट काकांनीच घातली होती. फोन ठेवल्यावर त्यांनी करारनामा उघडला आणि एकेका वाटेने बाहेर पडायचा प्रयत्न करून पाहिला. प्रत्येक वाटेवर त्यांनी स्वतःच कुलूप घालून ठेवलं होतं. इतकं बळकट काम त्यांनी कंपनीतही केलं नव्हतं, आणि एरवी त्यांना याचा अभिमान वाटला असता.

ट्रक यायच्या आदल्या दुपारी, तिसऱ्यांदा पहिल्या पानापासून वाचताना, ते आपल्या देखण्या वाक्यापाशी आले आणि तिथेच खिळून राहिले. काकू समोर कपड्यांच्या घड्या करत होत्या. काकांचा चेहरा बघून त्यांनी विचारलं की काय झालं. काका म्हणाले, काही नाही. मग म्हणाले, भोक आहे.

त्या ‘परंतु’मध्ये तीन शब्द राहून गेले होते. ‘माल उतरवून घेतेवेळी.’ ज्याचे नऊ ठोकळे शाबूत नाहीत ते पॅलेट नव्हे, एवढं त्यांनी लिहिलं होतं. पण शाबूत केव्हा नाहीत, ते लिहिलंच नव्हतं. म्हणजे आज एखाद्याने एखाद्या चांगल्या पॅलेटचा एक ठोकळा काढून टाकला, तर त्या क्षणापासून ते पॅलेटच राहत नाही, मोजणीतून गळतं, आणि परत द्यायची उरतात ती अकरा. मावशींची सुटका त्या भोकातून होत होती. पण त्यासाठी ते भोक चारचौघांत बोट ठेवून दाखवावं लागणार होतं.

“एकतीस वर्षांत एक भोक नाही,” काका म्हणाले. “आणि निवृत्त झाल्यावर हे.”

“मग सांगून टाका उद्या.”

“अगं, चूक माझी होती असं दिसेल.”

“आहेच ना,” काकू म्हणाल्या, आणि त्यांनी काकांचा शर्ट घडी करून त्यांच्याच मांडीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी ट्रकबरोबर मॅडम स्वतः आल्या. चाळिशीच्या, ठेंगण्या, हातात पाटीला लावलेला मोजणीचा कागद आणि कानामागे पेन्सिल. काकांनी त्यांची उंची आवाजावरून बरीच जास्त धरली होती. मॅडमनी छपराखालची अकरा पॅलेटं उलटीसुलटी करून पाहिली, हिरव्या पॅलेटपाशी भुवई वर केली आणि पुढच्याकडे वळल्या. सगळी सोसायटी खाली जमली होती, दंतवैद्यांनी तर दवाखान्याची वेळ पुढे ढकलली होती. मावशी वॉकर धरून आपल्या दारात उभ्या होत्या.

काका सेक्रेटरीकडून हातोडी मागून घेऊन चरापाशी गेले. मॅडमना त्यांनी जवळ बोलावलं, करारनाम्याचं पहिलं पान उघडून त्यांच्या हातात दिलं आणि वाक्यावर बोट ठेवलं. मग गुडघे टेकून खाली बसले आणि कोपऱ्यातल्या ठोकळ्यावर हातोडी मारली. पहिला घाव अंगठ्यावर बसला. काकांनी आयुष्यात कागदाला टाचणी लावण्यापलीकडे कुठलंही हस्तकौशल्य केलं नव्हतं. गवंडी मदतीला पुढे झाला तर त्यांनी हातानेच त्याला थांबवलं. खिळे कुरकुरत होते, ठोकळा केसभर सरकत होता, आणि दंतवैद्य मागून हळूच सांगत होते, आधी हलवून घ्या, हलवून घ्या. या खेपेला सल्ला बरोबर निघाला. वीस मिनिटांनी ठोकळा सुटून चरात पडला.

काका घामाघूम होऊन उभे राहिले. “कलम एक प्रमाणे,” ते म्हणाले, “हे आता पॅलेट नाही.”

मॅडमनी ते वाक्य वाचलं. परत वाचलं. मग त्यांनी वर पाहिलं.

“साहेब, ही पळवाट तुम्ही मुद्दाम ठेवली होती?”

हे विचारताना त्यांच्या आवाजात आदर होता, आणि तो सगळ्यांना ऐकू आला. सेक्रेटरीचे डोळे चमकले. जिन्यातले लोक, ज्यांनी तीन आठवडे काकांना नमस्कार केला नव्हता, ते एकदम ताठ उभे राहून काकांकडे बघू लागले. नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तरी काकांची सोसायटीतली पत कायमची पक्की झाली असती. काकांनी सुजलेला अंगठा दुसऱ्या मुठीत धरला.

“नाही,” ते म्हणाले. “राहून गेलं. माझी चूक आहे.”

मॅडमनी कानामागची पेन्सिल काढली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. “मला ते पहिल्याच दिवशी दिसलं होतं,” त्या म्हणाल्या. “कळवणार होते. पण तुमचा फोन आला आणि तुम्ही माझं कलम चांगलं म्हणालात. म्हटलं, आता आपण कशाला चूक काढा.” त्यांनी कागद काकांपुढे धरला. त्यावर लिहिलं होतं: परत मिळालेली पॅलेटं अकरा. मोजणीत न धरलेली मांडणी एक. दुसरी खेप सोडण्यास हरकत नाही.

लोक टाळ्या वाजवणार होते, पण तेवढ्यात मावशींनी वॉकर पुढे टाकला आणि मांडणी एका बाजूला कलली. ठोकळा गेलेला कोपरा अधांतरी होता. मावशी मागे सरल्या आणि दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या. कुणीतरी म्हणालं, ठोकळा परत ठोकून टाका. मॅडमनी गंभीरपणे सांगितलं की ठोकळा परत लागला तर ते परत पॅलेट होईल आणि त्यांना बारा मोजावी लागतील. गवंड्याने वीट सरकवून पाहिली, ती आडवी घातली तर कमी पडली आणि उभी घातली तर मावशी दुसऱ्या बाजूला कलल्या असत्या. चार बोटांची आणि वर थोडी अशी जागा होती. काका वाकून त्या जागेकडे बघत होते. मग ते जिना चढून वर गेले.

ते खाली आले तेव्हा त्यांच्या हातात निळ्या रेक्झिनचे दोन ग्रंथ होते आणि मागून काकू प्लास्टिकचा कागद घेऊन येत होत्या. काकांनी दोन्ही भाग त्या कागदात नीट गुंडाळले, कडा आत मुडपल्या, कारण जमीन ओली होती आणि ओल म्हणजे काय हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. भाग एक खाली, भाग दोन त्यावर. ते कोपऱ्याखाली सरकवले तेव्हा वर-खाली बोटभरही फट राहिली नाही. सोनेरी अक्षरं प्लास्टिकमधून अर्धवट दिसत होती. मॅडमनी मान तिरकी करून ती वाचली आणि पेन्सिल परत कानामागे लावली.

मावशींनी वॉकर पुढे टाकला. मग त्या स्वतः वर चढल्या आणि मध्यावर थांबून, नर्स लोक रुग्णाला चढवायच्या आधी खाट हलवून बघतात तसं, एकदा जोर देऊन पाहिलं.

“आता हलत नाही,” मावशी म्हणाल्या आणि टक टक करत फाटकाच्या दिशेने निघाल्या.

काकांनी मात्र त्या परत येईपर्यंत कोपऱ्यावरचा हात काढला नाही.